टाचेतला खडा

पोवई नाक्यावरून खाली उतरलं, की रसवंतीला लागून
माझी टपरी. पाटीवर नाव अजून सासऱ्यांचंच,
दामू आगवणे, बूट-चप्पल रिपेअर.
रंग उडून 'रिपे' तेवढं उरलंय.

चपला शिवून पोट भरतं.
पण डोंगरवाल्यांचे बूट आले
की बाकीचं काम बाजूला सारते.
पोरं म्हणतात, असा तळवा पुण्यातसुद्धा कोणी बसवत नाही.
म्हणतात, नि वर पन्नास रुपये कमी करायला लावतात.

बूट उलटा मांडीवर घेतला की माणूस कळतो.
टाच आतून झिजलेली, तर हा उताराला भितो.
चवडा घासलेला, तर सगळ्यांच्या आधी माथा गाठायची घाई.
डावा जास्त, उजवा कमी,
तर जुनं दुखणं, घरी सांगितलेलं नसणार.

आरीच्या टोकानं खाचा कोरते.
निघेल ते फेकत नाही. पत्र्याचा डबा आहे त्यासाठी.
झांस्करची राखाडी कपची,
किलिमांजारोची तांबूस भुकटी,
कुठल्याशा वाळवंटातली वाळू, बोटाला चिकटतच नाही,
आणि एक पांढरा खडा, तांदळाएवढा,
ज्याचा मालक म्हणाला, "आठवत नाही बुवा,
खूप ठिकाणी गेलो."

मी गेले ती यवतेश्वरच्या घाटापर्यंत.
कासला एकदा निघालो होतो, फुलांच्या दिवसांत,
गाड्यांची रांग बघून ह्यांनी गाडी वळवली.

इरावती भोईटे जूनमध्ये आली.
"काकू, आइसलँडला चाललेय. तेरा दिवस, तंबू पाठीवर."
"काय आहे तिकडं?"
"काहीच नाही," म्हणाली,
आणि तिचा चेहरा असा उजळला
की हे काहीच नाही केवढं मोठं असेल,
ह्या विचारात माझा टाका चुकला.

बूट तयार झाले. ती दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होती.
पहाटे साडेचारला मी ते घातले.
एक नंबर मोठे. मोजे दोन-दोन चढवले, पदर खोचला,
अजिंक्यताऱ्याची वाट धरली.
तळव्याची परीक्षा घेतेय, असं स्वतःलाच सांगत.

वळणावर कुत्रं भुंकलं. बुटांकडं बघून गप्प झालं.
वर वारा. खाली दिव्यांचा सातारा,
आणि मला माझी टपरी सापडेना.
बावीस वर्षं बसते ती जागा
एवढीशी असेल, कल्पना नव्हती.
वाईट नाही वाटलं. हसू आलं.
उतरताना मात्र टाच आत वळत होती.
म्हणजे मीही त्यातलीच.

घरी येऊन तळवे पुसले.
उजव्या टाचेच्या खाचेत खडा. आपला नेहमीचा, काळा.
आरी हातातच होती.
काढला नाही.
सोल्युशनचा थेंब सोडून आणखी आत दाबला.

ऑगस्ट संपता संपता इरावती आली, नाकाचं साल निघालेलं.
"तळवा एकदम झकास, काकू. फक्त चौथ्या दिवसापासून
खडकावर पाय पडला की टकटक वाजायचं.
शेवटी सुरीनं उकरून काढला. दगड होता कसलासा."
"कुठं टाकलास?"
ती थांबली. तेरा दिवसांचं सगळ्यांनी विचारलं असेल,
हे कोणी विचारलं नसेल.
"एक नदी होती, राखेच्या पाण्यासारखी. काठावर टाकला.
मग वाटलं, बघू तरी काय होतं, तर सापडेचना.
तिथं सगळे तसलेच, काळे.
आपल्या डोंगरातल्यासारखे."

मी बूट उलटा केला. खाचेतून काळा कण निघाला,
डब्यात टाकला.
तिथला, की इथलाच मागं राहिलेला,
ते मला ओळखता आलं नाही.

"हसताय काय काकू?"
"काही नाही," म्हटलं.

मागं गिऱ्हाईक खोळंबलं होतं.
चप्पल. अंगठा तुटलेला.